दगडी मेजावरचा राजा

लोरेदाना एकटीनं सहल घेऊन निघाली होती ती पहिल्यांदाच, आणि पाहुणे दोनच. डेन्मार्कचे नवरा-बायको, टॉर्बन आणि लिस्बेट. पण उत्साह एवढा, की अख्खी बस भरून माणसं आल्यासारखं वाटावं! 'शिंपल्यांचा मुकुट' ही मालिका दोघांना तोंडपाठ. माल्टाशेजारच्या या गोझो बेटावर जिथे जिथे तिचं शूटिंग झालं तो एकेक दगड त्यांना बघायचा होता. नुसता बघायचा नाही हं! तिथेच उभं राहायचं, तशीच मान वळवायची आणि अगदी तस्सा फोटो काढायचा. टॉर्बननं तर घरून राजाचा लाल झगा शिवून आणला होता. साडेसहा फुटी माणूस, पिंगट दाढी, आणि खांद्यावरून खाली लोळणारा तो झगा.

मिनीबस चालवायला होता लोरेदानाचा सख्खा मामा, नेनू. त्यानं आरशातून मागे बघितलं आणि माल्टीजमध्ये म्हणाला, "पोरी, हा तर आपल्या मिरवणुकीतला संताचा पुतळा दिसतोय. उतरल्यावर खांद्यावर घ्यायचा का?"

"मामा, हळू! ऐकतील ते."

"ऐकू देत की. कळतंय कुणाला?"

तसा मामाही काही कमी नव्हता. त्या मालिकेत अर्धा गाव सैनिक म्हणून उभा राहिला होता, मामा तर तीनदा मेला होता. एकदा बाण लागून, एकदा दाढी चिकटवून भाल्यानं, आणि शेवटी घोड्याखाली. लिस्बेटला हे कळलं मात्र, तिनं बस थांबवून त्याच्याबरोबर फोटो काढले. मामानं तिला घोड्याखालचं मरण रस्त्यात आडवं पडून करून दाखवलं. मागून येणारा ट्रॅक्टरवाला ओरडला, "ए नेनू, खरंच मर नाहीतर बाजूला हो!"

तर असं सगळं झकास चाललेलं. आणि मग ते इल-मेईदाला पोचले.

इल-मेईदा म्हणजे मेज. कड्याच्या पायथ्याशी समुद्रात घुसलेला एक सपाट खडक, खरंच कुणीतरी टेबल मांडून ठेवल्यासारखा. मालिकेचा शेवट तिथलाच. राजा एकटा त्या खडकावर उभा राहतो, मागे नुसतं पाणी. टॉर्बनचा जीव त्या एका फोटोत अडकला होता. लिस्बेटनं मूळ दृश्य फोनमध्ये साठवून ठेवलं होतं, शेजारी शेजारी धरून जुळवायला.

मामानं कड्यावर गाडी लावली, खाली उतरला आणि समुद्राकडे बघत उभाच राहिला. त्याचं हसणं बंद झालं होतं.

"काय झालं?" लोरेदाना म्हणाली. "माजिस्ट्रल तर सकाळीच पडला." माजिस्ट्रल म्हणजे त्यांच्याकडचा वायव्येचा वारा, दोन दिवस नुसता झोडपत होता.

"वारा पडला गं. पण समुद्राला कुणी सांगितलंय अजून?"

"बघ तरी, किती शांत आहे!"

"तू काय माल्टाहून आलीस का समुद्र बघायला? हा शांत नाहीये, हा थांबलाय. वरूनच दाखव त्यांना."

"वरून? मामा, एवढ्या लांबून आलेत ते!"

"मग? लांबून आले म्हणून लाटा ओळख ठेवणार आहेत?"

"खाली कोरडा खडक आहे ना, तिथेच थांबवते. मेजावर नाही जाऊ देणार. शप्पथ."

मामाचा गुडघा गेलेला, त्याला त्या कोरलेल्या पायऱ्या उतरता यायच्या नाहीत. तो वरच थांबला. लोरेदानानं टॉर्बनला स्पष्ट बजावलं, "हा पांढरा खडक आहे ना, इथपर्यंतच. पुढे नाही." तो "हो हो, नक्की" म्हणाला, अगदी शाळेतल्या मुलासारखी मान हलवून.

आणि मग लिस्बेट म्हणाली, "जरा बघशील का, कोन बरोबर आहे ना?" लोरेदानानं फोनमध्ये डोकं घातलं. किती वेळ? फार नाही हो. दृश्यात कडा डावीकडे होता, इथे उजवीकडे येत होता, म्हणून दोघी चार पावलं सरकल्या, एवढंच. मान वर केली तर पांढरा खडक रिकामा.

टॉर्बन मेजावर होता.

मधली शेवाळाची हिरवी पट्टी त्यानं कशी ओलांडली देव जाणे. आता तो पलीकडे उभा राहून झगा नीट करत होता.

"टॉर्बन! परत या!"

कुठलं ऐकू येतंय! मेजाच्या पोटाखालच्या कपारीत पाणी शिरायचं आणि आतून ढगासारखं गडगडायचं. तेवढ्यात वरून शिट्टी आली. दोन बोटं तोंडात घालून मारलेली, लांबलचक. मामाची शिट्टी तिला लहानपणापासून माहीत होती. मामा बोटीतून अशी शिट्टी मारायचा तेव्हा पोहणारी सगळी पोरं मुकाट्यानं बाहेर यायची.

तिनं समुद्राकडे बघितलं. पार लांबवर पाण्यावर एक काळपट घडी पडली होती. तिच्यामागे दुसरी. तिच्यामागे आणखी एक, जास्त जाड.

तिनं हात पुढे केला आणि त्याला बोलावलं. तळवा खाली, बोटं भराभर आपल्याकडे ओढत. ये, ये, ये!

टॉर्बननं मान डोलावली, अंगठा दाखवला, आणि एक पाऊल मागे गेला.

"अहो, काय करताय!" लोरेदाना आता दोन्ही हातांनी बोलवायला लागली. इकडे या, इकडे! तो आणखी मागे सरकला. त्यानं वर बघितलं. वर मामाही वाकून दोन्ही हात जोरजोरात तसेच हलवत होता. टॉर्बननं त्यालाही अंगठा दाखवला, मागे वळून कड बघितली आणि अजून एक पाऊल. आता त्याच्या टाचांमागे खडक संपत आलेला.

 वेडाय का हा माणूस? मरायचंय का याला?

पहिली घडी आली. लहानशीच होती, मेजाच्या कडेवर फुटली, त्याच्या पोटऱ्यांवर फेस उडाला. टॉर्बन हसला! त्याला ते फोटोसाठी मस्तच वाटलं असणार.

लोरेदाना धावली. शेवाळावर पाय पडला तसा सर्रकन गेला, ती गुडघ्यावर आपटली. वरून मामाची शिट्टी, यावेळी तुटक, चिडलेली. तू जाऊ नकोस! तिलाही कळत होतं. तिथे गेली तर एकाच्या जागी दोघं. ती रांगतच मागे आली.

आणि लिस्बेट, डोळा फोनला लावलेला, वैतागून म्हणाली, "बास गं आता! अजून किती मागे पाठवणार आहेस त्याला? फ्रेममध्ये इवलासा दिसतोय."

"मागे? मी मागे पाठवतेय?"

"मग हे काय?" लिस्बेटनं तळवा खाली करून बोटं झटकली, कोंबड्या हाकलतात तशी. "जा, जा, जा. तू आणि तुझा मामा दोघंही."

लोरेदाना आपल्या हाताकडे बघतच राहिली. आईनं तिला असंच बोलावलं होतं, आजीनं, अख्ख्या गावानं. ये म्हणजे हेच! आणि हा शहाणा माणूस इतका वेळ तिचंच ऐकत होता. तिनं सांगितलं म्हणून मरणाच्या दिशेनं चालला होता.

तिनं पटकन तळवे वर केले आणि दोन्ही हात वर-वर उचलत आपल्याकडे ओढले. टॉर्बननं क्षणभर विचार केला. मग त्यानं चेहरा उजळून दोन्ही हात आकाशाकडे पसरले. झग्याचे दोन पंख झाले. हुबेहूब राजा!

"वा!" लिस्बेट म्हणाली. "हे छान सुचलं तुला."

दुसरी लाट मेजाखाली शिरली आणि खडकाच्या भेगांतून पाणी कारंज्यासारखं वर उडालं. तिच्यामागची तिसरी आता नुसती घडी राहिली नव्हती. हिरवी भिंत उभी राहत होती, आणि टॉर्बनची पाठ होती तिच्याकडे. लिस्बेटला समजावून सांगायचं, तिनं घाबरायचं, किंचाळायचं, त्यानं ते ओळखायचं? वेळच नव्हता.

लोरेदानानं लिस्बेटच्या हातातला फोन हिसकला आणि पळाली.

"ए! ए!! टॉर्बन! फोन! चोर!"

लिस्बेटनं जी किंकाळी फोडली ना, ती मात्र त्या गडगडाटातूनही आरपार गेली. लोरेदाना पायऱ्यांकडे सुटली. मागे बघायचं नाही. मागे बघितलं तर तो थांबेल, त्याला वाटेल थट्टा चाललीय. ती फोन डोक्यावर धरून पळत होती, त्याला दिसावा म्हणून. माझ्यावर चीड, माझ्यावर चीड, शिव्या दे, पण ये. पहिली पायरी. दुसरी. वर मामा शिट्टी मारत नव्हता, ओरडत नव्हता. तेच सगळ्यात वाईट होतं.

मग कानामागे धाडकन आवाज झाला. भिंत कोसळावी तसा. पायाखालची पायरी हादरली, पाठीवर खारट पाण्याचा मारा बसला. तिचे पाय जागच्या जागी थिजले. मागे वळायची हिंमत होईना.

आणि तिचं मनगट कुणीतरी करकचून धरलं.

"फोन दे!" टॉर्बन धापा टाकत होता, दाढीतून पाणी गळत होतं, गुडघे सोलवटलेले, अंगावरचा झगा गेलेला. "आम्ही तुझ्यावर विश्वास ठेवला! काय बाई आहेस तू!"

 तिनं नुसती हनुवटी पुढे केली, त्याच्या मागे.

तो वळला. मेज दिसतच नव्हतं. जिथे तो हात पसरून उभा होता तिथे पांढरं पाणी उकळत होतं, शेवाळाची पट्टीही गेली होती, पांढऱ्या खडकापर्यंत फेस आला होता. मग पाणी ओसरून परत गेलं, खडक हळूहळू वर आला, चकचकीत, पुसून काढलेला. कुठेतरी लांब लाल कापडाचं एक टोक दिसलं आणि बुडालं. लिस्बेट पायऱ्यांच्या तळाशी भिंतीला चिकटून उभी होती, दोन्ही हात तोंडावर.

"तू मला मागे जा म्हणालीस," टॉर्बन हळू आवाजात म्हणाला.

"मी ये म्हणत होते," लोरेदाना म्हणाली, आणि इतका वेळ न आलेलं रडू तिला एकदम आलं.

लिस्बेट वर आली ती सरळ नवऱ्याच्या छातीवर बुक्के मारत सुटली, डॅनिशमध्ये काय काय बोलत. तो मार खात उभा राहिला. वरून मामाचा घोगरा आवाज आला, "पोरी! आहेत ना सगळे?"

"आहेत, मामा!"

"मग वर मरा की! तिथे काय जेवायला बसताय?"

ते चढायला लागले.  फोन लोरेदानानं केव्हाच लिस्बेटच्या हातात दिला होता, तरी टॉर्बननं तिचं मनगट सोडलं नव्हतं. दुखत होतं, पण तिनं हात सोडवून घेतला नाही.