किरणांचा कल आणि सुधाताई

कोपरच्या आमच्या घराच्या खिडकीतून दिसणाऱ्या खाडीवर दुपार उतरली, की पाणी डोळे दिपवून टाकी. आणि सुधाताई पोलरॉइड काचांचा काळा चष्मा लावून मान एकदा डाव्या खांद्याकडे, एकदा उजव्या खांद्याकडे झुकवी. एका ठिकाणी झळाळी विझे, जरा हललं की पुन्हा पेटे. पाण्यावरून परतणाऱ्या प्रकाशाची कंपनं एका दिशेला कललेली असतात, हे मला तिनेच शिकवलं. माझी थोरली बहीण उजेडाचीही उलटतपासणी घेई.

तिचं आयुष्य क्ष-किरणांचा असा कल मोजणारी उपकरणं बांधण्यात गेलं. कृष्णविवराच्या तोंडाशी तापलेला वायू कसा फिरतो, ते कुठलीच दुर्बीण जवळून दाखवू शकत नाही. तिथून निघालेल्या किरणांचा कल मात्र त्याची चुगली करतो, असं ती म्हणे. पुढची मोठी दुर्बीण अवकाशात गेली, की आज ज्यांचा कल मोजताच येत नाही असे अंधूक स्रोतही बोलू लागतील, हे तिचं स्वप्न. पण चुगलीवर विश्वास ठेवायचा तिचा स्वभाव नव्हता. बाजारात भाजीवालीलाही ती पारडी बदलून पुन्हा तोलायला लावी.

"माझ्यावर भरवसा नाय का, मॅडम?"

"तुझ्यावर आहे गं. काट्यावर नाही."

निवृत्तीला थोडेच महिने उरले असताना त्या दुर्बिणीसाठीच्या नमुना-उपकरणाची चाचणी झाली. ज्यांना कलच नाही असे किरण त्यात सोडले, तरी उपकरण किंचित कल दाखवू लागलं. ताईने ते काटकोनात फिरवलं, तर कलही त्याच्याबरोबर फिरला. म्हणजे दोष उपकरणाचाच होता. तिच्या हाताखाली काम करणारी ईशा घरी आली आणि सोफ्याच्या कडेवर अवघडून बसली.

"मॅडम, तेवढा आपण वजा करू ना. तुम्ही मंजुरीची सही नाही केलीत तर मिशन कितीतरी वर्षं मागे जाईल. तुम्हाला तरी बघायला मिळेल का?"

"नाही मिळणार," ताई म्हणाली. "पण आपला दोष आकाशाच्या नावावर नको खपवायला."

सही झाली नाही. दुर्बीण लांबणीवर पडली. आणि मला, तिच्या पाठच्या बहिणीला, भलताच संशय आला: आपण नसताना हे यश ईशासारख्या पोरींच्या पदरात पडणार, हेच तिला सलत नसेल ना? विचारायचं धाडस झालं नाही. पण त्यानंतरची दोन वर्षं मी तिच्याशी पूर्वीसारखी मोकळी बोलले नाही, हे कबूल करते.

मागच्या चैत्रात ती अल्पशा आजाराने गेली. ईशा भेटायला आली, तेव्हा तो प्रश्न मी अखेर तिला विचारला.

"तुम्हाला नाही सांगितलं त्यांनी? उपकरणातली किरण विखुरणारी मधली कांडी केसभर तिरपी बसलेली. मॅडमनी स्वतःच्या हाताने बसवलेली ती. कोणाला कळलंही नसतं. पण अहवालात त्यांनीच लिहिलं, चूक माझी."

नवी कांडी सरळ बसली आहे, काम पुन्हा सुरू झालंय, असंही तिने सांगितलं.

आता ती दुर्बीण कधीतरी जाईल. ज्या किरणांचा कल ती मोजील, ते आम्हा दोघी बहिणींच्या जन्माच्या कितीतरी आधी निघालेले आहेत आणि अजून वाटेत आहेत. त्यांना उशीर चालतो. माफीला मात्र ऐकणारं माणूस लागतं, आणि ते समोर होतं तेव्हा मी गप्प होते.