दुसरी बाटली

"बंदूक टेबलावर ठेव, टेरेसा. बिल्लाही," कॅप्टन स्टॅनहोप खिडकीबाहेर बघत म्हणाला.

टेरेसा वॉयनारला वाटलं, थट्टा चाललीय. "कशासाठी?"

"परवाच्या तपासणीत तुझ्या लघवीत कोकेन सापडलंय."

ती हसलीच. पोलाद कारखान्याच्या त्या गावात गस्त घालताघालता तिचे केस पांढरे झाले होते. ख्रिसमसला वाइनचा पेला हातात घेतला, तरी तो अर्धा तसाच राहायचा. कॅप्टन मात्र हसला नाही.

"मुकाट्यानं राजीनामा दे. पेन्शन शाबूत राहील."

"आणि नाही दिला तर?"

"चौकशी होईल. पेपरात नाव येईल. बघ बाई, तुझं तू."

पोलीस युनियनची वकील कार्मोडी तोंडाची फटकळ होती. "कशावरही सही करायची नाही," तिनं दटावलं. "नमुना घेताना दोन बाटल्या भरल्या ना? दुसरी सीलबंद आहे. ती आपण म्हणू त्या प्रयोगशाळेत तपासून घेऊ. तुझं म्हणणं ऐकून घेतल्याशिवाय तुला कुणाचा बापही काढू शकत नाही. तोवर घरी बस, आणि तोंडाला कुलूप."

घरी बसणं कठीण होतं. बातमी गावभर झाली होती. शुक्रवारी चर्चमधल्या सामुदायिक जेवणाला मासे खायला गेली, तर शेजारच्या बाईनं हळूच आपली पर्स दुसऱ्या बाजूला घेतली. टेरेसा भरलं ताट तसंच ठेवून उठली.

मग तिचं मनही तिला खाऊ लागलं. नमुना आपलाच असेल, तर कोकेन आपल्या पोटात गेलं कसं? रोज सकाळी गाडीत कॉफी कोण आणून देतं? ड्वेन प्रुइट. गस्तीतला उंचापुरा जोडीदार. हल्ली त्याचे डोळे लाल असायचे. फोन आला की गाडीतून उतरून लांब जाऊन बोलायचा. विचारलं तर म्हणायचा, "काही नाही गं, टेरी." एकदा संशयाचं बी पडल्यावर तिला ड्वेनचं हसणंसुद्धा बनावट वाटू लागलं.

तिनं कार्मोडीला फोन केला.

"पुरावा आहे?"

"नाही. पण..."

"मग गप्प बस."

टेरेसा गप्प बसली नाही. तिनं कॅप्टनला फोन लावला आणि ड्वेनचं नाव घेतलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी दारावर थाप पडली. दारात ड्वेन, साध्या कपड्यांत.

"आत्ता भरून आलो बाटली," तो म्हणाला. "एक जण पाठीमागे उभा होता, दार सताड उघडं ठेवून. तुला ठाऊकच आहे म्हणा."

"ड्वेन, मला वाटलं..."

"मग मला विचारायचंस. रोज आठ तास शेजारी बसत होतो ना?"

"तुझे ते डोळे... ते फोन..."

"आई मरायला टेकलीय माझी. रात्ररात्र उशाशी बसतो. तुझ्याजवळ बोललो असतो तर रडू फुटलं असतं, आणि कामावर रडायचं नव्हतं." त्यानं टोपी डोक्यावर चढवली. "तुझं ऐकून घ्यायला तिघांची समिती बसणार आहे, वकील आहे, दुसरी बाटली आहे. माझं तू उभ्या उभ्या उरकलंस."

तिनं आत ये म्हणेपर्यंत तो पायऱ्या उतरला होता.

सुनावणीच्या दिवशी निकाल आला. दुसरी बाटली निर्मळ होती. पहिल्या बाटलीच्या बाबतीत प्रयोगशाळेत काहीतरी गफलत झाली होती. काय ते कुणी नीट सांगितलं नाही, माफीही मागितली नाही. कॅप्टननं बंदूक आणि बिल्ला तिच्यापुढे सरकवला. "चला, मिटलं एकदाचं."

बाहेर व्हरांड्यात कार्मोडी म्हणाली, "तो तुझा जोडीदार सकाळी येऊन गेला बरं का. बाटलीचा निकाल कुणालाच ठाऊक नव्हता तेव्हा. समितीला म्हणाला, ही बाई नशा करणं शक्य नाही, हवं तर माझी नोकरी घ्या."

"कुठंय तो?"

"गेला. आईचं दफन आहे आज. आणि त्यानं बदली मागितलीय, कोर्टाच्या पहाऱ्यावर."

टेरेसा दफनभूमीपर्यंत गेली. फाटकाशी थांबून तिनं लांबून पाहिलं आणि तशीच माघारी फिरली.

सोमवारी ती कामावर रुजू झाली. कुणी टाळ्या वाजवल्या, कुणी नजर चुकवली. नवी जोडीदारीण, ओर्टेगा नावाची ठेंगणी बाई, गाडीत येऊन बसली. सीट पार मागे सरकवलेली होती, लांब तंगड्यांच्या माणसासाठी. ओर्टेगानं खाली हात घालून ती पुढे ओढायला सुरुवात केली. खट. खट. खट.

टेरेसानं गाडी सुरू केली आणि आरशात मागचा रस्ता पाहिला.