वळणाकडे पाठ

“ज्यांना घाटात मळमळतं त्यांनी पुढे या, ज्यांना फोटो काढायचेत त्यांनी मागे जा, आणि जी जोडपी भांडलीत त्यांनी घाट उतरेपर्यंत दम धरा. खाली भरपूर मोकळी जागा आहे,” बाईंनी माईकवरून सांगितलं आणि सगळी बस हसली.

बाई या सहलीच्या गाइड. शनिवारी डोंगर, रात्री किनाऱ्यावर मुक्काम, रविवारी परत, असा कार्यक्रम वीसेक वर्षं चाललेला. ड्रायव्हरमागच्या दांडीला पाठ टेकवून, प्रवाशांकडे तोंड करून त्या उभ्या राहत. रस्ता त्यांना तळपायांतून कळे. बस कुठे झुकली की धबधबा, कुठे गिअर बदलला की जुना पूल, हे मागे वळून पाहायची त्यांना गरज नव्हती.

आज चौथ्या रांगेत खिडकीशी त्यांचे यजमान बसले होते. पेशाने शिंपी. सगळे त्यांना मास्तर म्हणत. एवढ्या वर्षांत ते पहिल्यांदाच या बसमध्ये चढले होते, कारण शनिवार-रविवार म्हणजे दुकानात गिऱ्हाइकांची गर्दी. मांडीवरची कापडी पिशवी त्यांनी घरापासून कुणाला धरू दिली नव्हती.

“मास्तर, हे घ्या, दुर्बीण,” शेजारच्या काकांनी आग्रह केला. हे काका दर पाच मिनिटांनी कुठला तरी पक्षी शोधत आणि तो कावळा निघे.

“मला कशाला हवी दुर्बीण? माझे डोळे अजून शाबूत आहेत,” मास्तर जरा मोठ्यानेच म्हणाले. ते उत्तर काकांसाठी नव्हतं.

प्रकरण सुरू झालं होतं एका कोटापासून. मास्तरांनी त्याच्या दोन्ही बाह्या डाव्या हाताच्या कापल्या. दिव्याचा दोष, असं ते म्हणाले. नवा दिवा आला. मग कात्री अंगठ्यावर फिरली. डॉक्टरांनी डोळ्यांचा पडदा खराब झाल्याचं सांगितलं, शस्त्रक्रियेने सुटणारं दुखणं नाही असंही सांगितलं. लांबचं आधी जाईल, म्हणाले, जवळचं हळूहळू. बाई म्हणाल्या, दुकान बंद करा. त्यावरून महिनाभर घरात आदळआपट चालली.

शेवटी मास्तरांनीच तोड काढली. “तुझ्या त्या वळणावरून समुद्र दिसतो ना? येतो मी. दिसला तर दुकानाचा विषय पुन्हा काढायचा नाही. नाही दिसला तर कात्री तुझ्या हातात.”

“आणि खोटं बोललात तर?”

“तुला कळेलच की, बाई. तुझा धंदाच तो.”

ते खरंच होतं. त्या वळणाच्या आधी बाई बोलणं थांबवत आणि फक्त चेहरे बघत. आधी भुवया वर जात, मग तोंड उघडे, मग हात मोबाइल शोधू लागे. झोपेतून उठलेला माणूस असो की बायकोवर रुसलेला, क्रम तोच. बसमधल्या सगळ्यांना समुद्र काचेतून दिसे. बाईंना तो माणसांच्या तोंडावर दिसे, आणि त्यात त्यांची कधी चूक झाली नव्हती.

बस डावीकडे झुकली. बाईंनी माईक खाली केला.

भुवया वर गेल्या. पुढच्या रांगेतून मागच्या रांगेपर्यंत, वाऱ्याने शेत हलावं तशा. मास्तर योग्य वेळी योग्य बाजूला वळले होते. मान ताठ, हनुवटी वर. पण कपाळ इस्त्री केल्यासारखं सपाट होतं.

“अरे वा!” काका ओरडले.

आणि मग मास्तरांच्या भुवया वर गेल्या. “वा!” तेही म्हणाले.

थोडासाच उशीर. दुसऱ्या कुणाला तो कळला नसता.

बाईंनी माईक वर केला. दीपगृह, होड्या, खडकाचं नाक, सगळं त्यांनी नेहमीपेक्षा सावकाश सांगितलं. आवाज हलला नाही.

घाट उतरल्यावर बस चहाला थांबली. बाईंनी कपाचा कान नवऱ्याच्या बोटांत नीट दिला.

“दिसला?”

“दिसला की. काय निळाशार!”

त्यांच्या पाठीमागे ढगाळ आभाळाखाली समुद्र राखेच्या रंगाचा पडला होता.

“बरं,” बाई म्हणाल्या. “मग दुकानाचा विषय संपला.”

मास्तरांनी चहा फुंकला. बराच वेळ फुंकत राहिले.

ड्रायव्हर इतकी वर्षं सोबत काम केलेला माणूस; पैज त्याला ठाऊक होती. बस पुसता पुसता त्याने हळूच विचारलं, “ताई, हरलात का पैज?”

“उद्या सांगते, दादा.”

बाई निश्चिंत होत्या. नवऱ्याला त्या पुरत्या ओळखून होत्या. वाकडी शिवण गिऱ्हाइकाच्या नजरेला पडायच्या आत ते स्वतःच उसवत. गिऱ्हाईक राहू द्या म्हणालं तरी उसवत. त्यांना वेळ द्यावा लागे, एवढंच.

रविवारी सकाळी किनाऱ्यावर सगळे पाण्यात शिरले. मास्तर पँट दुमडून ओल्या वाळूत उभे राहिले, लाट पायांवर आली की हसले. जेवणानंतर बस परत निघाली. घाट लागला तसे ते सीटवरून उठले, एकेक सीट चाचपत पुढे आले आणि पहिल्या रिकाम्या सीटवर बसले.

“अगं, बस इथं.”

“ड्युटीवर आहे मी.”

“बस गं.”

बाई बसल्या. मास्तरांनी पिशवीतून कापडात गुंडाळलेली वस्तू काढून त्यांच्या मांडीवर ठेवली. उघडायची गरज नव्हती. वजनावरून कळलं. दुकानातली मोठी कात्री.

“घरूनच आणलीत?”

“पैज लावायची तर सामान जवळ हवं ना.” मग थोड्या वेळाने, “निळा नव्हता का गं?”

“नव्हता.”

“छे. ते एक चुकलंच.” जणू काजाची जागा चुकली होती. “शिलाई मशीन मात्र विकायचं नाही. टीप अजून हाताला कळते.”

“विकायचं कोण म्हणतंय? कापायला माणूस ठेवू. त्याला ओरडायला तुम्ही आहातच.”

“ओरडीन,” मास्तर समाधानाने म्हणाले.

बाईंनी कात्री आपल्या पर्समध्ये ठेवली. “दादा, वळणावर जरा गाडी घ्या बाजूला.”

“आपण कधी थांबत नाही तिथं, ताई.”

“आज थांबू.”

बस थांबली. काका दुर्बीण घेऊन सगळ्यांच्या आधी उतरले, पाठोपाठ बाकीचे आणि ड्रायव्हरही. आत दोघंच उरली.

“आता सांग,” मास्तर म्हणाले. “माईकवरचं नको. ते मला पाठ आहे. तू रोज स्वयंपाक करताना घोकायचीस.”

बाई खिडकीकडे वळल्या. इतक्या वर्षांत या जागी त्या पहिल्यांदाच त्या बाजूला तोंड करून बसल्या होत्या. दीपगृह त्या सांगत त्याहून बरंच लहान होतं. होड्या फारशा नव्हत्याच. आणि रस्त्याच्या अगदी खाली, हाकेच्या अंतरावर, एक घर होतं, ज्याचा त्यांनी कधी उल्लेखच केला नव्हता.

“खाली एक घर आहे. कौलारू. अंगणात दोरीवर कपडे वाळतायत.”

“कोणते?”

“दोन चादरी. एक पिवळा शर्ट.”

“बाही अर्धी की पूर्ण?”

“पूर्ण. पण एक बाही दुसरीपेक्षा आखूड वाटतेय.”

मास्तर सरळ होऊन बसले.

“वाऱ्यानं दुमडली असेल. नीट बघ.”

बाईंनी काचेला कपाळ टेकवलं आणि वारा पडायची वाट बघत राहिल्या.