राबून चुकलेली ग्रंथी

मी एक तेरा वर्षांची अधिवृक्क ग्रंथी आहे, मित्रांनो. नाव भारदस्त, वजन मूठभर शेंगदाण्यांइतकंही नाही. एका मुलीच्या मूत्रपिंडावर टोपीसारखी बसून असते. माझी जुळी बहीण पलीकडच्या मूत्रपिंडावर. एकाच अंगात राहून आमची जन्मात भेट नाही. पोट जरा कुरकुरलं की सगळे चौकशी करतात, माझं नावसुद्धा कुणाला धड घेता येत नाही.

रक्तातून येणारं कोलेस्टेरॉल हा माझा कच्चा माल. माझ्या मधल्या थरात त्याचं कॉर्टिसॉल बनतं, त्याच्या बळावर शरीर ताण सोसतं. त्या थराहून आतल्या थरात अँड्रोजन बनतात. लोक त्यांना पुरुषी संप्रेरकं म्हणतात, पण थोडी मुलींनाही लागतातच. काखेतले केस त्यांच्यामुळेच येतात. मेंदूखालची पीयूषिका ग्रंथी हुकूम धाडते आणि मी कामाला लागते.

माझ्याकडे जन्मापासूनच एक विकर, म्हणजे एन्झाइम, अपुरं होतं. त्यामुळे कॉर्टिसॉल अर्ध्या वाटेवर अडायचं. ते कमी पडलं की पीयूषिकेचा तगादा सुरू, आणखी बनव, आणखी बनव! मी जीव तोडून राबायचे. अडलेला माल साठत जायचा आणि अँड्रोजनच्या वाटेला लागायचा. मला आपलं वाटायचं, केवढी मी कामसू! मेलीला अक्कल नव्हती, दुसरं काय.

मुलगी आठव्या वर्षीच वर्गात सगळ्यांत उंच झाली. मग ओठांवर आणि हनुवटीवर केस आले. मुली तिला 'हवालदार' म्हणू लागल्या. मधल्या सुट्टीत ती जिन्याखाली एकटीच डबा खायची. आई नव्हती, घरात ती आणि वडील दोघंच. वडिलांचा फोटो स्टुडिओ होता. दर वाढदिवसाला ते तिचा फोटो काढायचे आणि त्यात तिचा चेहरा स्वच्छ यायचा. बाबांना काही दिसलेलं नाही, असं समजून ती गप्प राहिली. तिचं ते गुपचूप रडणं मला आतून कळायचं, पण मी काय बोलणार?

शाळेतल्या आरोग्य तपासणीनंतर वर्गशिक्षिकेनं बापलेकीला डॉक्टरीणबाईंकडे पाठवलं. केस कधीपासून आहेत, असं त्यांनी विचारलं. एवढी वर्षं लपवलं हे बाबांना कळू नये म्हणून मुलगी म्हणाली, दोन महिन्यांपासून. डॉक्टरीणबाईंनी जुने फोटो मागितले. पाच वाढदिवसांचे पाच फोटो, एकातही चेहऱ्यावर केस नाही. बाई गंभीर झाल्या. इतकं अचानक झालं असेल तर ग्रंथीत गाठ असू शकते, म्हणाल्या, आणि ती निघाली तर ग्रंथीच काढावी लागेल. माझी तर पाचावर धारण बसली. मुलगी पांढरीफटक पडली.

वडील खाली बघत म्हणाले, "फोटो खोटे आहेत. दर वर्षी मी कॉम्प्युटरवर पुसत आलो. केस पाच वर्षांपासून आहेत."

मुलीनं त्यांच्याकडे पाहिलं. "तुम्हाला दिसत होतं? मग विचारलं का नाही, बाबा?"

"तुला वाईट वाटेल म्हणून."

"ते वाटतच होतं. एकटीला."

वडिलांनी तिचा हात धरला, तो बाहेर येईपर्यंत सोडला नाही.

रक्त तपासलं, दोष विकराचा निघाला. आता रोज गोळीतून कमी पडणारं कॉर्टिसॉल तयारच येतं. पीयूषिकेचा तगादा थांबला आणि मीही हात आखडता घेतला. केस एका दिवसात जात नाहीत, वेळ लागेल. गोळी तिनं मनानं बंद करू नये, एवढंच तिच्याकडे माझं मागणं.

आणि तुमच्याकडेही एक मागणं आहे, मित्रांनो. मला तोंड नाही, म्हणून मी पाच वर्षं गप्प राहिले. तुम्हाला आहे. घरातलं कुणी आतल्या आत कुढताना दिसलं, तर जवळ बसा आणि विचारा.