केशरी प्लिमथचा दसरा

आमच्या ह्यांना गाड्यांचं वेड आहे, हे मला लग्नाआधी कुणी सांगितलं नव्हतं. कोल्हापुरात गल्लीच्या तोंडाशी कुणाची गाडी वळली, की हे पेपरातून डोकं वर न काढता सांगत, "पाटलांची यझदी. सायलेन्सर बदललेला दिसतोय." मी म्हणे, "अहो, नळाला पाणी आलंय, त्याचा आवाज येतो का कधी?" तो मात्र कधी यायचा नाही.

मग कान गेले, दोन्ही. नसा सुकल्या म्हणाले डॉक्टर. मशीन आणलं, तर त्यातून ह्यांना माणसाचं बोलणं कळेना, नुसती भांडी पडल्याचा आवाज यायचा. मशीन कपाटात गेलं. पुढे एका लग्नात ह्यांनी नवरीच्या वडिलांना काहीतरी विचारलं, ते इतक्या मोठ्याने, की अख्खा मांडव वळून हसला. त्या दिवसापासून यशवंतरावांनी तोंडाला कुलूप घातलं. आपला आवाज केवढा येतोय ते कळत नाही, तर बोलायचंच नाही! दीड वर्ष झालं. चहा हवा असला की रिकामा कप दाखवतात. त्या कपाचा मला असा राग येतो, की एक दिवस फोडून टाकीन. मला दुसरं काही नको होतं. एकदा "सुधा" म्हणून हाक मारली असती, तरी भरून पावले असते.

सप्टेंबरात आम्ही मल्हारकडे, आमच्या मुलाकडे, जर्मनीत हॅनोव्हरला आलो. त्याची गाडी विजेवर चालते. ह्यांनी बॉनेटवर हात ठेवून पाहिला, हाताला काहीच लागेना, तेव्हा खिशात हात घालून घरात निघून गेले.

शेजारी हेर फॉस, म्हणजे आपल्या भाषेत फॉससाहेब, राहतात. सत्तरी ओलांडलेले, एकटे, अतिशय शिस्तीचे. मी दुपारच्या वेळी रिकाम्या बाटल्या रस्त्यावरच्या काच टाकायच्या डब्यात टाकल्या, तर ही शांततेची वेळ आहे असं दार वाजवून सांगून गेले होते. एका सकाळी त्यांनी गॅरेजचं दार उघडलं, आणि मी कोथिंबिरीची जुडी हातात धरून खिडकीत तशीच उभी राहिले. आत झेंडूच्या रंगाची गाडी होती. एवढं लांब नाक मी कुठल्या गाडीला पाहिलं नव्हतं. बॉनेटला मधोमध भोक आणि त्यातून इंजिनाचाच एक भाग वर आलेला, जणू आत मावला नाही म्हणून.

"आई, ती प्लिमथ आहे, अमेरिकन," सून म्हणाली. क्षितिजा इथे इंजिनिअर आहे, पण तीही कुजबुजत बोलत होती. "आतलं इंजिन रेसचं आहे, सात लिटरचं. रेसवाल्यांचा नियम होता, की जे इंजिन पळवायचं, ते दुकानातून लोकांनाही विकायचं. म्हणून कंपनीने थोड्याशा गाड्यांत बसवून विकलं. कागदावर सव्वाचारशे हॉर्सपॉवर. खरी त्याहून जास्त म्हणतात."

"आणि लोक ही घेऊन भाजी आणायला जायचे?"

"या, गेनाऊ," ती हसली. म्हणजे, हो, अगदी.

आमच्याकडेही एक यझदी होती, तसल्या पंचवीस एकत्र बांधल्या, तरी एवढी ताकद भरली नसती. हेर फॉस मात्र ती चालू करताना काही दिसेनात. रोज बाहेर ढकलायची, फडक्याने पुसायची, आत ढकलायची. तिची नंबरप्लेटसुद्धा, इथे तशी मिळते, एप्रिल ते ऑक्टोबरपुरतीच होती, पुढे पाच महिने गाडी झोपणार. आणि दसऱ्यानंतरच्या आठवड्यात आमचं परतीचं विमान. हे रोज सकाळी कुंपणापाशी जाऊन उभे राहायचे. कशासाठी, ते मला न सांगता कळत होतं.

दसऱ्याला सकाळी गॅलरीत गेले, तर माझ्या कुंड्यांतलं झेंडूचं एकही फूल जागेवर नाही. देव्हाऱ्यातली पूजेची थाळी नाही. हेही नाहीत. खिडकीतून पाहिलं. हेर फॉस गाडी बाहेर ठेवून आत गेले होते, आणि आमचे हे त्यांच्या अंगणात! गाडीला हार घातलेला, चारी चाकांखाली लिंबं ठेवलेली. यझदीची पूजा दर दसऱ्याला अशीच व्हायची. आता कुंकवाचं बोट बॉनेटवर चाललं होतं. एक उभी रेघ. एक आडवी.

स्वस्तिक! क्षितिजाने पहिल्याच दिवशी बजावलं होतं, "आई, दारावर स्वस्तिक नको हं. आपल्याला ते शुभ आहे, पण इथे त्याच खुणेखाली लाखो माणसं मारलीत." मी ह्यांनाही खुणेने सांगितलं होतं. पण चाळीस वर्षांची सवय लागलेलं बोट थोडंच ऐकतंय?

"अहो!" मी खिडकीतून ओरडले. कुणाला ओरडत होते, देव जाणे. तशीच मोज्यांवर धावले. पोचले तेव्हा बोट पहिला कोपरा वळवायच्या बेतात होतं. मी मनगट धरलं, आणि त्याच क्षणी समोरचं दार उघडलं. हेर फॉस, हातात कॉफीचा मग.

त्यांची नजर बॉनेटवर गेली. मी मागचापुढचा विचार केला नाही. कुंकवात बोट बुडवलं आणि त्या चार टोकांना चार पाकळ्या काढल्या, मधल्या जागेत आणखी चार. उभा जन्म अंगणात रांगोळी घातली आहे, पण अशी घाईत कधी नाही. एक पाकळी जाडच आली. पण फूल झालं.

ओल्या केसांनी क्षितिजा धावत आली. हेर फॉस हळू आवाजात बोलत होते, आणि त्यानेच मला जास्त धडकी भरली.

"आई, ते म्हणतात, हा रंग कारखान्यातला आहे. तेव्हापासून त्यावर कुणी ब्रश लावलेला नाही. हात लावायची परवानगी कुणी दिली?"

"सांग त्यांना, चुकलं आमचं. आणि सांग, आज आमच्यात गाडीची पूजा करतात. आणि ह्यांना..." मी ह्यांच्या कानाकडे बोट दाखवलं.

क्षितिजाने सगळं सांगितलं. हेर फॉसनी वाकून ते फूल पाहिलं. पाकळ्यांच्या आतल्या दोन रेघा जरा गडद होत्या. खाली आधी काय निघत होतं, ते त्यांना कळलं असावं. मग त्यांनी ह्यांच्याकडे पाहिलं. आमचे हे हात जोडून उभे होते, त्यांच्यापुढे नाही, गाडीपुढे.

"अजिबात ऐकू येत नाही?" त्यांनी विचारलं.

"गार निश्ट्स," क्षितिजा म्हणाली. अगदी काहीच नाही.

हेर फॉसनी कॉफीचा मग कठड्यावर ठेवला. ह्यांचा हात धरला आणि पुढच्या चाकाच्या वर, पत्र्यावर, सपाट ठेवला. मग आत बसून किल्ली फिरवली.

काय सांगू! आवाज कानात आलाच नाही, तो आधी पायांत आला. जमीन थरथरली, खिडक्यांच्या काचा वाजल्या, झाडावरचे कावळे उडाले. बॉनेटच्या भोकातला तो इंजिनाचा माथा एका बाजूला कलला आणि गदगदा हलायला लागला, हार त्याच्याबरोबर नाचायला लागला. मी दोन्ही कानांत बोटं घातली, तरी तो बरगड्यांतून आत येतच राहिला. इतकी वर्षं मी गाड्यांना नावं ठेवली. त्या क्षणी वाटलं, हिला हात जोडले नाहीत तर कुणाला जोडायचे?

ह्यांनी दुसराही हात ठेवला. मग छाती टेकवली. डोळे मिटलेले, गालांवरून पाणी वाहत होतं. हेर फॉसनी गाडी वीतभर पुढे घेतली, लिंबं फट्फट् फुटली, आणि हे गाडीला धरून तेवढंच पाऊल पुढे चालले.

इंजिन बंद झालं. गल्लीत इतकी शांतता झाली, की चुकून माझेच कान गेले की काय असं वाटलं.

"सुधा!"

पलीकडच्या घराची खिडकी उघडली, एवढ्या मोठ्याने. "अगं सुधा! ऐकलंस का? ऐकलंस?"

कुणी हसलं नाही. मी "हो" म्हणाले, पण त्यांना काय कळणार? ते पुन्हा विचारत होते, लहान मुलासारखे माझ्या तोंडाकडे बघत. मग मी त्यांचा हात पत्र्यावरून उचलला, तो अजून गरम होता, आणि माझ्या गळ्यावर ठेवला.

"ऐकलं," मी म्हणाले. "सगळं ऐकलं हो."

त्यांच्या बोटांना ते लागलं. चेहऱ्यावरच दिसलं मला. हात काढेनात.

"बोल की अजून," ते म्हणाले.

दीड वर्षाचं साठलं होतं. मी त्या कपापासून सुरुवात केली.