लिफ्ट नसलेली इमारत

दुसऱ्या मजल्याच्या वळणावर तिने पर्स या हातातून त्या हातात घेतली आणि कठड्यावरून खाली वाकून पाहिलं. मागून कोणी येत नव्हतं. वरूनही कोणाची चाहूल नव्हती. दम लागला होता, गुडघा कुरकुरत होता, तरी तिसऱ्या मजल्यापर्यंत ती तशीच चढली आणि तिथे मात्र भिंतीला टेकून उभी राहिली. वकीलबाईंचं ऑफिस चौथ्या मजल्यावर होतं. इमारतीला लिफ्ट नव्हती. म्हणून तर ती इथे आली होती.

तिचा नवरा लिफ्टचा मेकॅनिक. शहरातल्या निम्म्या लिफ्ट त्याच्या कंपनीच्या ताब्यात, त्यामुळे कुठल्या इमारतीच्या दारात त्याची निळी हत्यारपेटी उघडी पडलेली दिसेल, याचा नेम नव्हता. एखाद्या बाईने नवऱ्यापासून लपून काही करायचं ठरवलं, तर नवरा असा सगळ्या शहराच्या पोटात फिरणारा नसावा.

वकील शोधणं तसं अवघड गेलं नव्हतं. ती चष्म्याच्या दुकानात कामाला होती. मागच्या खोलीत काचा घासून फ्रेममध्ये बसवायच्या, आणि गर्दी असली की पुढे येऊन गिऱ्हाइकांना चष्मा घालून बघायला द्यायचा, हे तिचं काम. काड्या कानावर नीट बसवता बसवता ती हळूच विचारायची, "माझ्या एका मैत्रिणीला वकील हवाय. घरगुती बाबतीतला." नवल म्हणजे नाव सगळ्यांकडे तयार असायचं. एक बाई तर आरशातून डोळे न हलवता म्हणाली, "मैत्रिणीला सांगा, रडायचं ते घरी रडून जा म्हणावं. वकील तासावर पैसे घेतात."

पहिल्या वकिलाचं ऑफिस काचेच्या उंच इमारतीत होतं. ती खालच्या दालनात शिरली तर लिफ्टसमोर पाटी, 'दुरुस्ती चालू आहे', आणि अर्धवट उघड्या दारातून बाहेर आलेले दोन पाय. बूट नवऱ्याच्या मदतनिसाचे होते. ती आली तशी मागे वळली आणि थेट रस्ता ओलांडून गेल्यावरच तिने श्वास सोडला. दुसरा वकील बँकेच्या वर बसायचा. तिथल्या लिफ्टच्या दारावर कंपनीचं स्टिकर बघूनच ती परतली. मग तिने वकिलाचं नाव विचारण्याआधी इमारत कशी आहे ते विचारायला सुरुवात केली. लोकांना वाटलं, मैत्रिणीच्या पायाला काही झालंय.

"बसा," वकीलबाई म्हणाल्या. त्यांना सर्दी झाली होती. रुमाल नाकाला लावूनच त्यांनी खुर्ची दाखवली. "मारतात का?"

"नाही."

"पितात? बाहेर कुणी आहे?"

"छे. घरातल्या माणसाशी बोलायला शब्द नाहीत, बाहेरच्यासाठी कुठून आणतील?"

वकीलबाई रुमालाआड हसल्या. "मग काय झालं?"

या प्रश्नाचं उत्तर तिने कितीतरी दिवस घोकलं होतं. काचा घासताना, कपडे वाळत घालताना. पण आता ते भलत्याच टोकाकडून सुरू झालं.

"लेक नोकरीला दुसऱ्या गावी गेली आणि घरातलं बोलणं बंद पडलं. भांडण नाही हो. भांडण असतं तर बरं, निदान आवाज तरी झाला असता. गॅस बंद केलास का, किल्ली घेतलीस का, की संपलं. मला दुकानात मागच्या खोलीची प्रमुख केलं. मी उड्या मारत घरी आले, सांगितलं. ते म्हणाले, 'बरं.' आणि ट्यूब बदलायला स्टुलावर चढले. गेल्या थंडीत चष्मा लिफ्टच्या खड्ड्यात पाडून आले. मी कामाची वेळ संपल्यावर थांबून नवा करून दिला. तो घातला, छताकडे बघितलं आणि म्हणाले, 'बरं.'" ती थांबली. "मी त्या घरात आहे की नाही, हे मलाच कधीकधी कळेनासं होतं. मला भीती वाटते. अशीच म्हातारी होईन."

वकीलबाईंनी काही लिहून घेतलं नाही. "खोटं सांगत नाही तुम्हाला. 'बरं म्हणतात' हे कारण कोर्टात चालत नाही."

"ते माहीत आहे."

"दोन रस्ते आहेत. दोघंही राजी असाल तर दोघांनी मिळून एकच अर्ज करायचा. कोर्ट काही महिने थांबायला सांगतं, नीट विचार करा म्हणून. मग पुन्हा दोघांना बोलावतं आणि विचारतं, अजून तेच म्हणणं आहे ना? मधल्या काळात दोघांपैकी एकाने जरी नको म्हटलं तरी अर्ज बारगळला. दुसरा रस्ता एकटीचा. त्यात कारण लागतं, पुरावा लागतो, आणि वर्षं जातात. तुमचा पुरावा म्हणजे शांतता. ती मी कशी हजर करू? तेव्हा तुम्हाला पहिलाच रस्ता. त्यांना माहीत आहे?"

"नाही."

"अंदाज तरी?"

"त्यांना फक्त लिफ्टच्या आवाजाचा अंदाज येतो."

"मग आधी घरी सांगा. तुम्ही स्वतः. मी नोटीस पाठवली तर पोस्टमन सांगेल, आणि पोस्टमनकडून कळलेल्या नवऱ्याची सही मला आजवर सुखासुखी मिळालेली नाही."

तेवढ्यात पर्समध्ये फोन थरथरला. तिने दचकून तो बाहेर काढला. मोठ्या करून ठेवलेल्या अक्षरांत नवऱ्याचा मेसेज होता. 'येताना दूध आणू का.' तिने फोन पालथा घातला. तो वाचून वकीलबाईंना काही कळण्यासारखं नव्हतं, तरी चोरी पकडली गेल्यासारखे तिचे कान तापले.

"एक विचारू?" ती म्हणाली. "मी सांगितलं आणि त्यांनी नुसतं 'बरं' म्हटलं तर?"

"तर काम सोपं. सही लवकर मिळेल."

यावर तिला हायसं वाटायला हवं होतं. तसं झालं नाही. तो कोसळेल, याची भीती घेऊन ती चार मजले चढून आली होती. तो कोसळणारच नाही, ही भीती तिला इथे बसल्यावर सापडली, आणि ती पहिलीपेक्षा मोठी निघाली.

वकीलबाईंनी दोन कागद पुढे सरकवले. एकावर सगळी पद्धत लिहिलेली होती, दुसरं वकीलपत्र. "बाहेर बसून नीट वाचा. पटलं तर सही करा, नाहीतर घरी न्या. न वाचता केलेली सही मी घेत नाही."

बाहेरच्या खोलीत खिडकीजवळची खुर्ची रिकामी होती. तिथे बसून तिने पर्स उघडली आणि आतलं सगळं मांडीवर काढलं. रुमाल, किल्ल्या, दाढदुखीची गोळी. दुकानात दाढ दुखतेय असं सांगून निघाली होती, म्हणून पुराव्यादाखल गोळीही घेतली होती. नव्हता तो फक्त चष्मा. घाईघाईत तो मागच्या खोलीत यंत्राशेजारीच राहिला होता. तिने कागद लांब धरला, मग जवळ धरला. अक्षरं मुंग्यांसारखी पळत होती.

टेबलामागच्या म्हाताऱ्या कारकुनाने हे सगळं पाहिलं. "चष्मा विसरला ना?"

"हो. आणि काम चष्म्याच्या दुकानात करते. काय म्हणाल?"

"काही म्हणत नाही. इथे आलेला माणूस काहीही विसरतो. एक बाई चप्पल विसरून गेल्या होत्या." त्यांनी खणातून पत्र्याचा एक डबा काढून तिच्यासमोर ठेवला. "सगळे लोकांचे राहिलेले. कोणी न्यायला येत नाही. बघा एखादा लागतो का."

डब्यात सहा-सात चष्मे एकमेकांत काड्या अडकवून पडले होते. तिने सवयीने ते सोडवले. पहिला लांबच्या नंबरचा, तो बाजूला. दुसऱ्याची काच चरे पडलेली. तिसरा तपकिरी फ्रेमचा होता. तो तिने घातला आणि कागद समोर धरला. उजव्या डोळ्याला ओळी स्वच्छ दिसल्या. डाव्या डोळ्याला सगळं गढूळ. डावीकडचा नंबर बराच जास्त होता.

तिने चष्मा काढला. डाव्या काडीचा स्क्रू पितळी होता. मूळचा काळा स्क्रू हरवला तेव्हा दुकानात तसा शिल्लक नव्हता. दिसतोय तो दिसू दे, कोण बघतंय लिफ्टच्या खड्ड्यात, असं म्हणत तिनेच तो बसवला होता.

खड्ड्यात पडलेल्या चष्म्याला साधा ओरखडासुद्धा नव्हता.

"काका," ती म्हणाली. आवाज नीट निघेना म्हणून तिने पुन्हा हाक मारली. "काका, इथे लिफ्ट दुरुस्तीला कोणी येतं का?"

कारकुनाने तिच्याकडे जरा काळजीने पाहिलं. "चार मजले चढून आलात ना आत्ता? लिफ्ट असती तर मी या वयात रोज हे केलं असतं?"

"हो, खरंच." तिने चष्मा वर धरला. "हा कोणाचा?"

"हा होय. एक गृहस्थ यायचे थंडीत. तुम्ही बसलात ना, तिथेच बसायचे. नंबर आला की उठायचे आणि दाराकडे जायचे. आतल्या नाही, बाहेरच्या. पुढच्या वेळी येतो म्हणायचे. तीन-चारदा झालं असं. मी म्हटलं, अहो, निदान कारण तरी सांगा, मी लिहून ठेवतो, म्हणजे आत गेल्यावर सोपं पडेल. तर म्हणाले, लिहू नका, मला अजून ते नीट सांगता येत नाही." कारकुनाने छताकडे बोट केलं. "तो पंखा बघा. खडखड करायचा नुसता. एक दिवस बसल्या बसल्या त्यांना तो आवाज सहन झाला नाही. खुर्चीवर चढले आणि नीट करून दिला. त्याच दिवशी चष्मा राहिला. मग आलेच नाहीत. तुमच्या ओळखीचे का?"

तिने वर पाहिलं. पंखा अगदी निमूट फिरत होता.

"चष्मा ओळखीचा आहे," ती म्हणाली. "मी केलेला."

कागदांवर सही न करताच तिने ते घडी घालून पर्समध्ये ठेवले. चष्मा मात्र हातातच ठेवला. उतरताना जिन्यात तिला खालून कोणी येतंय का, हे बघायचं सुचलं नाही.

तो संध्याकाळी घरी आला तेव्हा ती स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसली होती. त्याने दुधाची पिशवी ओट्यावर ठेवली, नेहमीसारखे साबण लावून कोपरापर्यंत हात धुतले, पुसले आणि वळला. टेबलावर तपकिरी चष्मा होता.

हातातला टॉवेल त्याने ओट्यावरच ठेवला. मग त्याने खुर्ची ओढली, बसला आणि चष्मा उचलला. पितळी स्क्रूवरून अंगठा फिरवला. कुठे सापडला, असं तो विचारेल म्हणून ती थांबून होती. दुपारपासून तिने त्या प्रश्नाची चार उत्तरं तयार केली होती. त्यांतलं एकही धड नव्हतं. त्याने तो प्रश्न विचारला नाही.

"जिने फार आहेत तिथे," तो म्हणाला.

"तिसऱ्या मजल्यावर थांबले मी."

"मीपण तिथेच थांबायचो."

बाहेर कोणीतरी गाडी लावत होतं. ती पुढेमागे करून जागेवर बसेपर्यंत दोघं तो आवाज ऐकत राहिले. मग तिने पर्समधून पद्धत लिहिलेला कागद काढून त्याच्यासमोर उलगडला.

"माझा चष्मा दुकानात राहिलाय," ती म्हणाली. "मला वाचता आलं नाही. तुम्ही वाचा. मोठ्याने."

त्याने डोळ्यांवरचा नवा चष्मा काढला आणि जुना घातला. कागद दिव्याकडे तिरका धरून तो वाचू लागला. सुरुवातीला अडखळत, मग जरा सावरून. अर्ज कुठे करायचा. सोबत काय जोडायचं. किती दिवस थांबायचं. अवघड शब्द आला की थांबायचा, पुन्हा म्हणून बघायचा आणि तिला पटलं का म्हणून मान वर करायचा. लेक गेल्यापासून तो एका दमात एवढं बोलला नव्हता. ती त्याच्या ओठांकडे बघत होती.

शेवटच्या परिच्छेदाशी त्याचा आवाज खाली आला. "वरील सर्व मजकूर दोघांनाही मान्य असल्यास, दोघांनी एकत्र..." तो थांबला. उरलेली ओळ त्याने मनातल्या मनात वाचली असावी. कागद टेबलावर ठेवून त्याने त्याच्या कडा दोन्ही हातांनी सरळ केल्या.

आता तो म्हणणार. ती त्या एका शब्दासाठी मन घट्ट करून बसली.

"मला अर्धं कळलं नाही," तो म्हणाला. त्याने तिच्याकडे पाहिलं, मग पुन्हा कागदाकडे. "पहिल्यापासून वाचू का?"

दूध अजून ओट्यावरच होतं. तापवायला उठायला हवं होतं. ती उठली नाही.

"वाचा," ती म्हणाली. "सावकाश वाचा."