वळणावरचं ‘हळू’

रेघबाईंनी टेपचं टोक बुटाखाली दाबलं आणि रस्त्यावरचा ‘ह’ पुन्हा एकदा मोजला. लांबी साडेतीन मीटर, रुंदी जेमतेम हातभर, आणि सगळा कल एका बाजूला. पांढरा रंग सकाळीच वाळला होता. आता चूक निघाली तर खरवडण्यावाचून गत्यंतर नव्हतं.

रस्त्यांवरची अक्षरं आखण्यात बाईंची बावीस वर्षं गेली होती, म्हणून सगळं खातं त्यांना रेघबाईच म्हणे. पण असलं अक्षर त्यांनीही कधी काढलं नव्हतं. अरुंद, तिरकं, सगळीकडे एकाच जाडीचं. कुठे फुगवटा नाही की शेपटी नाही. वळणापलीकडे शाळेचं फाटक होतं. इथे आधीही ‘हळू’ लिहिलेलं होतं, चांगलं गोलमटोल आणि सरळ, पण वळणावर ते कुणाला धड दिसतच नसे. गेल्या महिन्यात मुलांना रस्ता ओलांडून देताना शाळेच्या शिपाईकाकांचा पाय मोडला.

“बाई, ही अक्षरं आहेत की पिळून टाकलेलं धुणं?” रंगारीमामांनी ब्रश धुताधुता विचारलं. “काढता येईना, रस्ता वाकडा!”

“अहो मामा, पण रस्ता वाकडाच आहे.”

मामा खो खो हसले. खात्याचे साहेब मात्र हसले नाहीत. त्यांनी अक्षरांभोवती एक फेरी मारली, मान तिरकी करून पाहिलं, सरळ करून पाहिलं.

“कागदावर ठीक वाटलं होतं. हे काहीच्या काही झालंय, बाई. सोमवारी शाळा उघडायच्या आत खरवडून टाका आणि पहिल्यासारखं करा.”

“साहेब, उभ्याने बघून नाही कळायचं. गाडी चालवत या. एकदाच.”

“येतो. पण मला नाही वाटत.”

साहेबांनी बाईंना शेजारी बसवलं, गाडी बरीच मागे नेली आणि वळवली. मग वेग घेतघेत ते मेहुण्याच्या नव्या फ्रिजबद्दल बोलू लागले. बाईंचं लक्ष कुठलं असायला! चालत्या गाडीतून त्यांनी हे अक्षर अजून पाहिलंच नव्हतं. चालवणाऱ्याचा डोळा किती उंचीवर, वळण किती अंशांचं, एवढ्या हिशेबावर त्यांनी ते कागदावर ओढलं होतं. हिशेब चुकला असेल तर सोमवारी मुलं पुन्हा त्याच रस्त्यात उतरणार होती.

वळण आलं.

ती लांबलचक, कललेली अक्षरं जागच्या जागी आखडली, सरळ झाली आणि रस्त्यातून उठून उभी राहिली. ‘हळू’. ताठ, स्वच्छ, समोरासमोर.

“अगं बाई!” बाईंच्या तोंडून निघून गेलं. अंगावर सर्रकन काटा आला. आपण हे केलं, यावर त्यांचा विश्वासच बसेना.

“...आणि दारच लागत नाही म्हणे,” साहेब सांगत होते. गाडीच्या वेगाच्या काट्याकडे बाईंनी पाहिलं. साठावरचा काटा पंचविसावर आला होता. शाळेचं फाटक सावकाश बाजूने गेलं.

“कुठे गेलं हो तुमचं ते तिरकं अक्षर?” साहेबांनी विचारलं. “मला तर वेगळं काही दिसलंच नाही. नेहमीसारखं ‘हळू’ होतं.”

“हो, साहेब. नेहमीसारखंच.”

 साहेबांनी खाली पाहिलं. त्यांचा पाय अजून ब्रेकवरच होता.